रास्कोल्निकोव्हचं व्याज

घड्याळ बापाचं, चांदीचं. पोरगा मागतो ४ रूबल, म्हातारी देते दीड. व्याज रूबलामागे महिन्याला १० कोपेक, आणि तेही आधीच कापून घ्यायचं. म्हणजे दीड रूबलाचे १५ कोपेक. शिवाय मागे अंगठी ठेवून २ रूबल नेलेत, त्यांचे २० कोपेक. एकूण ३५ वजा. पोराच्या हातात पडतो १ रूबल १५ कोपेक.

दोस्तोयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये हा हिशेब पहिल्याच प्रकरणात येतो. मी वाचन थांबवून पाठकोऱ्या कागदावर तो मांडून पाहिला. बरोबर निघाला. महिन्याला १० टक्के! आमच्याकडे सोनेतारणाला साधारण तेवढा दर वर्षाला पडतो. ही कादंबरी पाप, पश्चात्ताप आणि परमेश्वर यांबद्दल आहे असं प्रस्तावनेत पानोपानी सांगितलं होतं, आणि ते वाचून मी जवळजवळ माघारी फिरले होते. व्याज आगाऊ कापून घेणारी बाई भेटल्यावर मात्र वाटलं, हे खातं आपल्याला वाचता येईल.

मी एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. शिक्षण बी.कॉम., तेही मराठी माध्यमातून. इंग्रजीशी संबंध आला तो परिपत्रकं आणि ऑडिटचे शेरे यांच्यापुरता. वाचनाची आवड मात्र लहानपणापासूनची; नगरवाचनालयातली मराठी कपाटं बहुतेक पालथी घालून झाली होती. इंग्रजीचं एक कपाट तेवढं उरलं होतं, त्याची किल्ली मागितली की ग्रंथपाल आधी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे बघत. जुन्या कादंबऱ्यांचे हक्क संपलेले असल्यामुळे त्या फोनवर फुकट मिळतात, हे आमच्या शेजारच्या सरांनी सांगितलं. सर इंग्रजीचे प्राध्यापक होते, आता निवृत्त आहेत. कॉन्स्टन्स गार्नेट नावाच्या इंग्रज बाईंनी शंभरएक वर्षांपूर्वी केलेले रशियन कादंबऱ्यांचे अनुवाद त्यांनीच मला उतरवून दिले. जेवणाच्या सुट्टीत आणि येताजाता एसटीत मी ते वाचायला लागले.

रास्कोल्निकोव्ह, म्हणजे तो घड्याळवाला पोरगा, पुढे त्या म्हातारीचा कुऱ्हाडीने खून करतो. पण त्या कुऱ्हाडीइतकाच हादरा मला त्याच्या आईच्या पत्राने दिला. आईला पेन्शन वर्षाला १२० रूबल. तिच्या भरवशावर ती एका व्यापाऱ्याकडून उसने पैसे काढून पोराला पाठवते. बहीण दुन्या एका जमीनदाराच्या घरी मुलांना शिकवायला राहिलेली. तिने नोकरीला लागतानाच १०० रूबल आगाऊ घेतलेले, ते दर महिन्याच्या पगारातून वळते व्हायचे. त्यातले ६० तिने भावाला पाठवले. पुढे घरमालक तिच्यामागे लागतो, घरात राहणं नकोसं होतं, पण नोकरी सोडता येत नाही, कारण उचल फिटलेली नाही. आई या उचलीबद्दल चारदोन ओळींत, जाताजाता लिहून जाते. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेलं जोडपं फडावर काय काय सोसतं आणि का सोसतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. रशियातल्या १८६५-६६च्या मुलीची गोष्ट मी त्या उचलीच्या धाग्याने वाचली. भाऊ खून करतो, त्यामागे ‘थोर माणसाला सगळं माफ’ हे त्याचं नेपोलियनचं तत्त्वज्ञान आहे हे खरंच. पण बहिणीने आपल्यासाठी स्वतःला गहाण टाकलंय हे त्याला कळलेलं आहे, तेही तितकंच खरं.

आणि मग तो पाकिटाचा तपशील! म्हातारीचं पाकीट त्याने एका अंगणात दगडाखाली पुरून ठेवलं आणि उघडूनसुद्धा पाहिलं नाही. शेवटी खटल्याच्या वेळी मोजदाद होते: ३१७ रूबल ६० कोपेक. चोरी करून रक्कम न मोजणारा माणूस न्यायालयाला खरा वाटत नाही. मलाही वाटला नसता. पण हा आकडा लेखकाने सुट्या कोपेकांसकट दिला, आणि तो दिल्यामुळेच त्याने पाकीट उघडलं नव्हतं यावर माझा विश्वास बसला. गोल आकडा असता तर बसला नसता. वसुलीला गेल्यावर ‘हजारेक रुपये असतील’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘नऊशे त्र्याऐंशी आहेत’ म्हणणारा मला नेहमीच जास्त खरा वाटत आला आहे.

रशियन नावांचा त्रास सगळ्यांना होतो, मलाही झाला. एकच माणूस कधी दिमित्री फ्योदोरोविच, कधी मित्या, कधी मितेंका. पण आमच्या सभासद रजिस्टरात सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि गावात विचारलं तर ‘आबा’ अशी माणसं काय कमी आहेत? मी सरळ एक जुनी वही घेतली आणि खतावणी घातली. एका माणसाला एक पान. वर सगळी नावं, डाव्या बाजूला तो कोणाचं काय देणं लागतो, उजव्या बाजूला त्याला कोणाकडून काय येणं आहे. आधी फक्त नात्यांसाठी वापरणार होते, पण कादंबऱ्यांतून इतके पैसे निघाले की वही खरोखरच खतावणी झाली.

‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’ला तर पानं पुरेनात. मित्याचे ते ३,००० रूबल! त्याची वाग्दत्त वधू कातेरिना हिने मॉस्कोला पाठवायला दिलेले ३,०००, बापाकडून यायचे म्हणून तो मागतो ते ३,०००, बापलेक दोघांचाही जिच्यावर जीव त्या ग्रुशेंकासाठी बापाने पाकिटात घालून राखून ठेवलेले ३,०००. मित्या म्हणतो, मी कातेरिनाचे सगळे उडवले नाहीत, अर्धे उडवले आणि १,५०० गळ्यात चिंधीत शिवून ठेवले. सगळं गाव म्हणतं, आम्ही डोळ्यांनी पाहिलं, ३,००० उडवले. मित्यावरचा बापाच्या खुनाचा अख्खा खटला या दीड हजाराच्या तफावतीवर उभा आहे. वकिलांची भाषणं लांबलचक आहेत. ती वाचताना मी पेन्सिल घेऊन बसले होते.

त्याच कादंबरीत सुरुवातीला एक उपकथा आहे, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलताना दिसत नाही. कातेरिनाचा बाप लेफ्टनंट कर्नल. त्याच्या ताब्यात सरकारी रोकड. दरवर्षी तपासणी होऊन गेली की तो ४,५०० रूबल ओळखीच्या व्यापाऱ्याला वापरायला देतो. व्यापारी जत्रेत ते फिरवतो आणि पुढच्या तपासणीआधी व्याजासकट परत करतो, वर एखादी भेटवस्तू. अशी काही वर्षं सुरळीत जातात. मग एक दिवस अचानक पदभार सोपवायचा हुकूम येतो, आणि व्यापारी म्हणतो, तुमच्याकडून मी कधी पैसे घेतलेच नाहीत. लेखी काही नाही, असणार कसं?

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आमच्या धंद्यात ‘ऑडिट होऊन गेलं’ आणि ‘ऑडिट यायचं आहे’ हे दोनच ऋतू असतात, आणि मधल्या काळात रोकड कुठे फिरते याच्या कथा प्रत्येक जिल्ह्यात आहेत. कर्नल बंदूक घेऊन खोलीत जातो. पोरगी बापाला वाचवायला मित्याकडे जाते, आणि तिथून पुढे त्या दोघांचं ते प्रेम आहे की सूड, हे आठशे पानं उलगडत नाही. सगळ्याच्या मुळाशी हातशिल्लक जुळली नाही, एवढीच गोष्ट.

दोस्तोयेव्हस्कीला हे कुठून सुचत असेल याचं उत्तर त्याच्या चरित्रात सापडलं. १८६५ साली तो भावाच्या कर्जाखाली दबलेला होता. स्तेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाने त्याला ३,००० रूबल दिले आणि करारात अट घातली: १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं तू लिहिशील ते मी फुकट छापणार. शेवटी आन्ना स्नित्किना ही लघुलेखिका बोलावून त्याने २६ दिवसांत ‘द गॅम्बलर’ सांगून लिहवून घेतली आणि मुदत पाळली. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. नंतर धनको दारात आले की त्यांच्याशी बोलायला आन्ना जायची, आणि १८७३ पासून नवऱ्याची पुस्तकं तिने स्वतः छापून विकली. माझ्या मते त्या घरातला सगळ्यात शहाणा माणूस तीच. आणि ३,००० हा आकडा त्याच्या डोक्यातून का गेला नसेल, याचं मला तरी कोडं पडत नाही.

सरांना मी वही दाखवली तेव्हा ते आधी खूप हसले. मग म्हणाले, “अहो ताई, कादंबरी म्हणजे काय ताळेबंद आहे? ‘कारामाझोव्ह’मधलं बृहन्न्यायाधीशाचं प्रकरण वाचलंत का? ख्रिस्त परत येतो ते?”

“वाचलं सर. निम्मं कळलं.”

“मग त्याच्याबद्दल काहीच नाही वहीत?”

“त्यात कोणाचं देणं नाही ना सर.”

सर थोडे गप्प झाले आणि मग म्हणाले की नीट पाहिलं तर आहे. माणसाला स्वातंत्र्य झेपत नाही म्हणून तो ते भाकरीच्या बदल्यात दुसऱ्याच्या पायाशी ठेवतो, असं तो म्हातारा न्यायाधीश म्हणतो. म्हणजे तारणच ते. मी ते प्रकरण पुन्हा वाचलं. सरांचं म्हणणं ओढूनताणून होतं असं मला अजून वाटतं, पण या खेपेला निम्म्याहून जास्त कळलं.

इंग्रजी कादंबऱ्यांकडे वळताना सगळ्यांप्रमाणे मलाही वाटलं होतं की अनुवाद नाही, मूळ भाषा, म्हणजे सोपं जाईल. उलट झालं. गार्नेटबाईंचं इंग्रजी सरळ, शाळेतल्या शिक्षिकेसारखं स्वच्छ. जॉर्ज एलियटच्या वाक्यात कर्ता एका काठावर आणि क्रियापद पलीकडच्या काठावर. डिकन्सचा लोहार ज्यो बोलायला लागला की डोळ्यांनी काही लागत नाही. मोठ्याने वाचलं तर कळतो. घरात कोणी नसताना मी तो मोठ्याने वाचला. माझ्यासारख्या कोणाला सुरुवात करायची असेल तर मी सांगेन, टॉलस्टॉय आधी घ्या, डिकन्स मग. लोक नेमकं उलटं सांगतात.

जेन ऑस्टिनला मात्र कसली अडचण आली नाही. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मध्ये माणूस खोलीत शिरायच्या आत त्याचं वार्षिक उत्पन्न शिरतं. डार्सी १०,००० पौंड. बिंगली ४ किंवा ५ हजार. मुलींचा बाप बेनेट २,०००, पण जमीन मुलींना मिळणार नाही, दूरच्या पुरुष नातेवाइकाला जाणार. तो नातेवाईक, कॉलिन्स, एलिझाबेथला मागणी घालताना काय सांगतो? तुझ्या वाट्याला ४ टक्क्यांच्या रोख्यांतले १,००० पौंड, तेही आई गेल्यावर. म्हणजे वर्षाला ४० पौंड व्याज. लग्नाची मागणी घालताना मुदत ठेवीची पावती वाचून दाखवणारा हा इसम विनोदी आहे खरा, पण आकडा चुकीचा नाही. एलिझाबेथ त्याला नाही म्हणते ती ४० पौंडांवर पाणी सोडून नव्हे, ४० पौंडांवर जन्म काढायची तयारी ठेवून. हे ध्यानात घेतलं की तिचा नकार किती मोठा आहे ते कळतं. मिसेस बेनेटवर सगळे हसतात. पाच मुली, घर नावावर नाही, नवरा बचत करत नाही. त्या घरात हिशेब कळलेली तीच एक होती असं माझं मत आहे. तिची बोलायची रीत वाईट, हे कबूल.

आणि मग ‘मिडलमार्च’. डिसेंबर १८७१ पासून वर्षभर ही कादंबरी आठ भागांत निघाली. मीही ती तशीच, एकेक भाग संपवून मध्ये दुसरं काहीतरी वाचत, सावकाश वाचली. सगळे डोरोथियाबद्दल बोलतात. डोरोथिया मला आवडली, पण माझी वही भरली ती गार्थ कुटुंबाने.

फ्रेड विन्सी हा चांगल्या घरचा उडाणटप्पू मुलगा. त्याला १६० पौंडांचं कर्ज आहे आणि सहीसाठी जामीन हवा आहे. तो कोणाकडे जातो? पैसेवाल्या नातेवाइकांकडे नाही. केलेब गार्थकडे, जो इतरांच्या जमिनींची कामं बघून पोट भरतो आणि ज्याला नाही म्हणता येत नाही. केलेब सही करतो आणि बायकोला सांगत नाही.

इथे मी पुस्तक मिटून जरा बसून राहिले. आमच्याकडे जामीनदाराला पहिली नोटीस जाते तेव्हा ती बहुतेक वेळा त्याची बायको उघडते, आणि तिला त्याच दिवशी कळतं. एक प्राथमिक शिक्षक आहेत, मित्राला जामीन राहिलेले. मित्र गाव सोडून गेला. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला झाला, आणि आता दर महिन्याला यांच्या पगारातून कपात होते. ते अधूनमधून येतात, काउंटरपलीकडून हळू आवाजात विचारतात, “मॅडम, अजून किती राहिले?” मी आकडा सांगते. ते मान हलवून जातात. मित्राबद्दल त्यांनी कधी वाईट शब्द काढलेला मी ऐकला नाही.

फ्रेड पैसे भरू शकत नाही. त्याच्याकडे ५० उरलेत, ११० कमी पडतात. तो गार्थांच्या घरी सांगायला येतो तेव्हा मिसेस गार्थ स्वयंपाकघरात पीठ लाटता लाटता मुलांना व्याकरण शिकवत असतात. त्यांनी मुलाला धंद्याला लावण्यासाठी साठवलेले ९२ पौंड आहेत. उरलेले १८ मुलगी मेरीच्या पगारातल्या बचतीतून. मेरीवर फ्रेडचं प्रेम आहे. मिसेस गार्थ आरडाओरडा करत नाहीत. रक्कम सांगतात, कशासाठी ठेवली होती ते सांगतात. आणि मग एलियट लिहिते, त्या वेळी फ्रेडला पहिल्यांदा उमगतं की तोपर्यंत त्याला दुःख होतं ते फक्त आपण त्यांच्या नजरेतून उतरू याचं; त्यांचं काय नुकसान होईल याचा विचार त्याने केलाच नव्हता.

कर्ज विभागात काम करताना थकबाकीदार कसा असतो हे मला रोज दिसतं. पण तो आतून कसा असतो, हे इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. तो लबाड नसतो, बहुतेक वेळा नसतो. त्याला लाज असते, भरपूर असते. पण ती सगळी लाज स्वतःपुरती असते, तिच्यात जामीनदाराला जागा नसते. यानंतर मी वहीत प्रत्येक पानाच्या तळाशी एक नवा रकाना घातला: जामीन कोण? माणूस पारखायला तो रकाना मला प्रेमाच्या पानोपान वर्णनांपेक्षा उपयोगी पडला.

त्याच गावातला बँकर बलस्ट्रोड हा दुसरा मासला. सतत देवाचं नाव, इस्पितळाला देणगी, सगळ्यांच्या पापांवर नजर. याचा मूळ पैसा लंडनमधल्या एका गहाणवटीच्या पेढीतून आलेला, जिथे चोरीचा माल बिनबोभाट ठेवून घेतला जायचा. एलियट त्याला ढोंगी म्हणून सोडून देत नाही, हे मला फार आवडलं. तो प्रार्थना करतो ती खरीच करतो. फक्त प्रार्थनेतसुद्धा स्वतःला सवलत मिळवून घेतो. असे अध्यक्ष मी पाहिले आहेत. नावं घेत नाही.

एकदा हा डोळा लागल्यावर बाकीच्या पुस्तकांतही तेच दिसायला लागलं. ‘वुदरिंग हाइट्स’ ही वादळी प्रेमाची कादंबरी म्हणून हातात घेतली, तर हीथक्लिफने काय केलं? ज्या हिंडलीने लहानपणी छळलं त्याला जुगाराला पैसे पुरवले, गजागजाने त्याची जमीन गहाण घेतली आणि तो मेल्यावर घर ताब्यात घेतलं. माळरान, वारा, भूत हे सगळं आहेच. पण सूड घेतला गहाणखताने. ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये तर उत्पन्न शून्य असताना थाटात कसं राहावं यावर अख्खं प्रकरण आहे. युक्ती सोपी: कोणाचंच बिल द्यायचं नाही. बेकी शार्पच्या हुशारीवर वाचक खूश असतो. तिला घर भाड्याने देणारा रॅगल्स, जन्मभर चाकरी करून साठवलेल्या पैशांत ते घर घेतलेला, तो बुडतो. थॅकरेने त्याचं बुडणं लपवलेलं नाही, पण बेकी फार चमकते. मला ती शेवटपर्यंत आवडली नाही. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये पिप आणि त्याचा मित्र आपल्या कर्जांची यादी करतात. मित्राचा आकडा समजा येतो १६४ पौंड ४ शिलिंग २ पेन्स. मग पिप म्हणतो, जरा मार्जिन ठेवू, २०० लिहू. आणि लगेच त्या मार्जिनपर्यंत नवं कर्ज काढतात! मी एसटीत एकटीच हसले. डिकन्सचा बाप कर्जापायी १८२४ साली मार्शलसी तुरुंगात गेलेला, स्वतः बारा वर्षांचा असताना बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना कागद लावलेले. डिकन्सला मार्जिन शिकवायला कोणी नको होतं.

गोगोलची ‘डेड सोल्स’ (१८४२) मात्र मी आमच्या ऑफिसात सगळ्यांना सांगितली. रशियात तेव्हा जमीनदाराकडे किती भूदास आहेत याची खानेसुमारी बऱ्याच वर्षांनी व्हायची. मधल्या काळात माणूस मेला तरी कागदावर जिवंत, आणि त्याचा कर मालकाने भरायचा. चिचिकोव्ह गावोगाव फिरून ही मेलेली माणसं स्वस्तात विकत घेतो. का? तर कागदावर ती जिवंतच आहेत, तेव्हा सरकारी संस्थेकडे गहाण ठेवली की माणशी २०० रूबल कर्ज मिळेल. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेल्यांचे अंगठे उठल्याच्या बातम्या ज्यांनी वाचल्यात त्यांना हे अद्भुत वगैरे वाटणार नाही. आमच्या शिपायाने तर ताबडतोब विचारलं, “पण मॅडम, पाहणी अहवाल कोणी दिला?” गोगोलमधली एक विधवा जमीनदारीण १८ मेलेले १५ रूबलांना विकते, आणि मग तिला झोप लागत नाही, मेलेल्यांचा बाजारभाव जास्त तर नव्हता ना, हे विचारायला ती गाडी जुंपून शहरात येते. चिचिकोव्हचं बिंग फुटायला तिची ही घासाघीसही कारण होते.

टॉलस्टॉय सगळ्यात शेवटी घेतला, जाडीमुळे. ‘आन्ना कारेनिना’त व्रॉन्स्की वर्षातून चारपाच वेळा दार लावून हिशेबाला बसतो. कर्ज १७,००० आणि वर काहीशे; हातात १,८००. तो कर्जांचे तीन वर्ग पाडतो. पहिला, ४,००० चा, ताबडतोब द्यायचा. त्यात २,५०० आहेत ते पत्त्यांत एका लबाडाकडून हरलेल्या मित्राला जामीन राहिल्याचे. शिंप्याचं आणि दुकानदारांचं देणं तिसऱ्या वर्गात, त्याचा विचार करायचीही गरज नाही. पत्त्यांतला लबाड जिंकला तर त्याचे पैसे लगेच, आणि कपडे शिवणारा थांबेल! त्या एका प्रकरणात मला सगळा सरदारवर्ग कळला.

पण टॉलस्टॉयने माझी वही बंदही पाडली. ‘वॉर अँड पीस’मध्ये तरुण निकोलाय रोस्तोव्ह दोलोखोव्हशी पत्ते खेळून ४३,००० रूबल हरतो. दोलोखोव्हने आधीच ठरवलेलं असतं की आपल्याला नाकारणाऱ्या सोन्या या मुलीच्या आणि आपल्या वयांची बेरीज ४३, तेव्हा तेवढ्यावर थांबायचं. घर आधीच डबघाईला आलेलं. पोरगा घरी येतो, डोक्यात पिस्तुलाचे विचार, आणि आत बहीण नताशा गात असते. तो ऐकतो. एका सुरापाशी त्याला वाटतं, की ४३,०००, दोलोखोव्ह, अब्रू, सगळं खोटं, हा सूर तेवढा खरा. मी पेन हातात घेऊन बसले होते. निकोलायच्या पानावर ४३,००० लिहून झाले होते, पण या ओळीचं काय करायचं ते कळेना. लेखक हिशेब विसरला असता तर मी त्याला भाबडा म्हटलं असतं. तो विसरलेला नाही. गाणं संपतं, बाप येतो, आणि पोरगा अगदी सहज बोलल्याच्या सुरात सांगतो, थोडं हरलोय, थोडं म्हणजे बरंच, ४३ हजार. बाप नजर खाली करतो, म्हणतो, जमवणं कठीण जाईल, पण होतं असं सगळ्यांचंच. तेव्हा पोरगा रडतो.

पुढे बाप मरतो तेव्हा देणं मिळकतीच्या दुप्पट निघतं. नातेवाईक सांगतात, वारसा नाकार. आपल्याकडेही वारसाची जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते. मी त्याला हाच सल्ला दिला असता. निकोलाय ऐकत नाही. बापाच्या आठवणीला बट्टा लागेल म्हणतो, सगळं अंगावर घेतो आणि नोकरी धरतो. या माणसाबद्दल मला पहिल्या हजार पानांत फार आदर नव्हता. जामिनाच्या रकान्यात मी त्याचं नाव बापाच्या पानावर लिहिलं.

लढायांच्या नकाशांतलं मला फार कळलं नाही आणि शेवटच्या उपसंहाराचा दुसरा भाग, इतिहास कोण घडवतो त्याबद्दलचा, मी चाळून सोडून दिला. सर म्हणाले, पुष्कळ लोक तेच करतात. ‘आन्ना कारेनिना’तला जमीनदार लेव्हिन मजुरांबरोबर गवत कापतो ते प्रकरण मात्र मी दोनदा वाचलं, आणि तिथे वहीची आठवणही झाली नाही.

सध्या गोंचारोव्हची ‘ओब्लोमोव्ह’ (१८५९) चालू आहे. कथानायक पलंगावर पडलेला आहे. गावाकडून कारभाऱ्याचं पत्र आलंय की यंदा उत्पन्न २,००० ने कमी येणार, काय ते बघावं. पत्राचं उत्तर लिहायला पाहिजे हे त्याला पटलेलं आहे. त्यासाठी आधी उठायला पाहिजे, हेही पटलेलं आहे. बरीच पानं उलटली, माणसं येऊन भेटून गेली, तो उठलेला नाही. आमच्याकडे असे दोन सभासद आहेत. नोटीस मिळाल्याची सही मात्र दोघेही अगदी वळणदार अक्षरात करतात.